तारेविना ट्राम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहरातली ट्राम म्हटली की डोक्यावरची तार आलीच, असा आपला समज असतो. ती तार काढण्याबद्दल जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, शेवटचे जरा तांत्रिक. उत्तराचा एखादा भाग दुसरीकडे आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वर तार नसेल तर ट्रामला वीज येते कुठून?

मुख्य मार्ग दोनच. गाडी धावत असतानाच रस्त्यातून, म्हणजे दोन रुळांच्या मधोमध बसवलेल्या पट्टीतून वीज घ्यायची. नाहीतर वीज गाडीतच साठवून न्यायची, बॅटरीत किंवा सुपरकपॅसिटरमध्ये (तो काय असतो ते प्रश्न ६ मध्ये), आणि तो साठा थांब्यावर किंवा जिथे तार आहे त्या भागात भरून घ्यायचा. बाकीचे बरेच प्रकार म्हणजे या दोहोंचे मिश्रण. रिओ दि जानेरोची ट्राम जमिनीतून वीज घेते आणि सुपरकपॅसिटरवरही चालते. हायड्रोजनचे वेगळे आहे, त्यासाठी प्रश्न १४ पाहा.

२. तारेत एवढं वाईट काय आहे? काढायचीच कशाला?

वाईट काहीच नाही, हे आधी सांगून टाकतो. तांब्याची १२-१३ मिलिमीटर जाडीची एक तार गाडीला हवी तेव्हा हवी तेवढी वीज देते. गाडीवर साठ्याचे ओझे चढत नाही आणि बिघाड झाला तर तो डोळ्यांना दिसतो. सव्वाशे वर्षांत याहून स्वस्त आणि भरवशाचा मार्ग सापडलेला नाही.

तार काढतात ती बहुतेक वेळा दिसण्यासाठी: जुने चौक, चर्चच्या समोरचे पटांगण, दुतर्फा झाडांचे रस्ते. पण अशा ठिकाणी डोळ्यांना खुपते ती तार नसते. खुपतात ते खांब, आडव्या ताणतारा आणि वळणावर होणारे जाळे. दोन्ही बाजूंच्या इमारतींच्या भिंतींत हुक बसवून तार टांगली तर खांब जातात आणि निम्मी तक्रार तिथेच मिटते. हा पर्याय तपासण्याआधीच बिनतारी यंत्रणेचा हट्ट धरणारी शहरे मला घाईची वाटतात.

दिसण्यापलीकडचीही कारणे आहेत. पूल एवढा ठेंगणा असतो की गाडीच्या टपावर तारेला जागा उरत नाही. उघडमीट करणाऱ्या पुलावर तार जोडणे-तोडणे त्रासाचे असते. सेव्हिल शहरात पवित्र सप्ताहाच्या मिरवणुकांसाठी ट्रामच्या तारा उतरवाव्या लागत. तिथे गाडीत वीज साठवण्याची सोय झाल्यावर ती कटकट संपली.

३. ही कल्पना नवीन आहे का?

मुळीच नाही. तार नको म्हणून भांडणे ट्रामच्या जन्मापासूनची आहेत. बुडापेस्टमध्ये १८८९ साली रस्त्याखालच्या नाळीतून वीज घेणारी ट्राम धावली. रस्त्यात एक अरुंद फट, तिच्याखाली वीजवाहक पट्ट्या, आणि गाडीतून त्या फटीत उतरलेला एक ‘नांगर’. लंडनच्या मोठ्या भागात हीच पद्धत होती आणि ती १९५२ मध्ये ट्राम बंद होईपर्यंत टिकली. शहराच्या कडेला जिथे नाळ संपून तार सुरू होई, तिथे खास माणूस नेमलेला असे. तो हातातल्या काट्याने नांगर काढून घेई किंवा बसवून देई. वॉशिंग्टनच्या मध्यभागात वरच्या तारांवर कायद्यानेच बंदी होती, त्यामुळे तिथली नाळ १९६२ पर्यंत चालली.

दुसरा प्रयोग होता रस्त्यात बसवलेल्या धातूच्या खुंट्यांचा. गाडीखालच्या चुंबकामुळे खुंटीतली कळ उचलली जाई आणि खुंटी जिवंत होई. गाडी पुढे गेली की ती मृत व्हायला हवी, आणि गोची तिथेच होती: काही खुंट्या जिवंतच राहत आणि घोड्यांना झटके बसत. वुल्व्हरहॅम्प्टनने अशी एक पद्धत १९०२ ते १९२१ चालवली, पण बहुतेक शहरांनी लवकरच नाद सोडला. फ्रान्समधील नाँत शहरात तर १८७९ पासून १९१७ पर्यंत दाबलेल्या हवेवर ट्राम चालत होत्या.

४. वीज रस्त्यातून येते, मग पट्टीवर पाय पडला तर शॉक बसणार नाही का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. उत्तर: नाही, कारण तुमचा पाय पोचू शकेल अशा जागी पट्टीत वीज नसते.

या पद्धतीची सर्वांत प्रसिद्ध यंत्रणा फ्रान्समधील बोर्दो शहरात डिसेंबर २००३ मध्ये सुरू झाली. तिचे फ्रेंच आद्याक्षरांतले नाव एपीएस. रुळांच्या मधली पट्टी सलग नसते. ८ मीटरचा वीजवाहक तुकडा, मग ३ मीटरचा वीजरोधक तुकडा, पुन्हा ८ मीटरचा, असा क्रम असतो. दर २२ मीटरवर जमिनीखाली एक पेटी असते आणि ती दोन तुकडे सांभाळते. गाडी आपल्या अँटेनातून सांकेतिक संदेश सोडते. तो संदेश तुकड्याभोवतीच्या वायरीत पकडला गेला तरच पेटी त्या तुकड्याला ७५० व्होल्टशी जोडते. संदेश थांबला की तुकडा परतीच्या, शून्य दाबाच्या (व्होल्टेजच्या) वाहकाशी जोडला जातो. म्हणजे नुसती वीज तोडून काम भागवलेले नाही, तो तुकडा जाणीवपूर्वक शून्यावर बांधून ठेवलेला असतो.

आता लांबीचा हिशोब पाहा. गाडी ३० ते ४५ मीटर लांब आणि पट्टीला घासत वीज घेणारे भाग तिच्या पोटाखाली मध्यावर, त्यामुळे जिवंत तुकडा कायम गाडीच्या खालीच झाकलेला राहतो. तिथे पाय घालायचा तर गाडीखालीच जावे लागेल, आणि तेव्हा विजेची चिंता दुय्यम असेल.

तुकडा शून्यावर आला नाही असे पेटीच्या लक्षात आले तर त्या भागाचा पुरवठाच बंद होतो. जुन्या खुंट्यांमध्ये (प्रश्न ३) हाच पहारा नव्हता. चुंबकाची युक्ती मात्र पुढे परत आली: इटलीच्या अन्साल्दो कंपनीच्या ट्रामवेव्ह यंत्रणेत रस्त्याखालचा लवचीक पट्टा गाडीच्या चुंबकाने उचलला जाऊन संपर्क होतो. तिचे पुढे काय झाले ते प्रश्न १७ मध्ये.

५. पावसात, पाणी तुंबल्यावर काय होतं?

जमिनीतल्या यंत्रणेचे खरे दुखणे हेच. बोर्दोला सुरुवातीच्या काळात पाण्याने फार छळले. पेट्यांत पाणी शिरे, पुरवठा बंद पडे, आणि बिघाड इतके वाढले की यंत्रणाच गुंडाळावी का, अशी चर्चा सुरू झाली. पेट्यांची रचना आणि पाण्याचा निचरा सुधारल्यावर ती स्थिरावली आणि मग रँस, आँजे, ओर्लेआँ या शहरांनीही तीच घेतली.

पट्टीवर पाण्याचा थर असताना वीज थोडी पाझरते, त्याने धोका होत नाही. पाणी साचून राहिले तर मात्र सेवा थांबवावी लागते. बर्फ वितळवायला टाकलेले मीठ आणखी वाईट, कारण खारट पाणी विजेला चांगली वाट देते. साठवणुकीवर चालणाऱ्या गाड्यांना यातले काहीच जाचत नाही.

६. बॅटरी आणि सुपरकपॅसिटर यांत फरक काय?

बॅटरीत भरपूर वीज मावते, पण ती भरायला वेळ लागतो. सुपरकपॅसिटरमध्ये थोडीच मावते, पण काही सेकंदांत भरते आणि तितक्याच वेगाने देता येते. आकड्यांत सांगायचे तर सुपरकपॅसिटरमध्ये किलोमागे साधारण ५ ते १० वॉट-तास मावतात, लिथियम-आयन सेलमध्ये १०० च्या पुढे. उलट बाजू अशी की सुपरकपॅसिटर लाखो वेळा भरला-रिकामा केला तरी टिकतो, बॅटरी काही हजार वेळांत थकते. दर पाचशे मीटरवर भरायचे असेल तर हा फरक निर्णायक ठरतो.

सुपरकपॅसिटरची एक खोड: वीज संपत जाते तसा त्याचा दाबही उतरत जातो. दाब निम्म्यावर आला म्हणजे तीन चतुर्थांश ऊर्जा वापरून झालेली असते, आणि उरलेली काढणे परवडत नाही. म्हणून अनेक गाड्यांत दोन्ही असतात, रोजच्या धावपळीला सुपरकपॅसिटर आणि अडीअडचणीला बॅटरी.

७. थांब्यावर वीस सेकंदांत चार्ज होते, हे खरं का?

खरे आहे, पण ‘चार्ज’ म्हणजे पुढच्या थांब्यापुरते आणि वर थोडी शिल्लक. हिशोब करून पाहू. सपाट रस्त्यावर मोठी ट्राम किलोमीटरला ढोबळमानाने ४ युनिट खाते असे धरू. पुढचा थांबा ५०० मीटरवर, म्हणजे २ युनिट लागतील. ती २० सेकंदांत भरायची तर ३६० किलोवॉट दराने द्यावी लागतात. ७५० व्होल्टला हा प्रवाह ४८० अँपिअर होतो. आकडा मोठा आहे, पण वरच्या तारेवरून जोरात सुटणारी ट्राम एवढे सहज ओढते. त्यामुळे ट्रामच्या उपकेंद्रांना यात नवल नाही.

ग्वांगझूच्या हायझू मार्गावर २०१४ पासून आणि तैवानच्या काओश्युंगमध्ये २०१५ पासून हेच चालते. काओश्युंगच्या प्रत्येक थांब्यावर फलाटापुरती एक ताठ पट्टी वर असते. गाडी थांबली की पँटोग्राफ, म्हणजे टपावरचा वीज घेणारा घडीचा सांगाडा, वर उचलून तिला भिडतो. नीसच्या दुसऱ्या मार्गाने वरची पट्टीही टाळली: तिथे थांब्यावर जमिनीतूनच गाडी भरतात आणि थांबा सोडला की रस्त्यात काही नसते. मला विचाराल तर दिसण्याच्या कसोटीवर ही रचना सर्वांत उजवी आहे.

८. तारेशिवाय किती अंतर जाते?

एका आकड्यात उत्तर देणारा कंत्राटदार भेटला तर सावध राहा. अंतर ठरते ते साठा, चढण, थांबे, गर्दी आणि हवामान यांवर. मोकळ्या रुळांवर मिळालेला आकडा भर बाजारात टिकत नाही.

नीसच्या पहिल्या मार्गावर २००७ पासून गाड्या मासेना आणि गारिबाल्दी हे दोन चौक बॅटरीवर ओलांडतात, प्रत्येकी पाचशे मीटरच्या आत. डॅलसमध्ये २०१५ पासून एका जुन्या पुलावरचे साधारण दीड किलोमीटर अंतर बॅटरीवर जाते. झारागोझा आणि लक्झेंबर्गमध्ये शहराचा मध्य बिनतारी आहे आणि मधल्या थांब्यांवर भरण्याची सोय आहे. थांब्यांवर भरता येत असेल तर मार्गाच्या एकूण लांबीला मर्यादा राहत नाही. मर्यादा असते ती भरण्याच्या दोन जागांमधल्या अंतराला.

९. ब्रेक मारताना वीज परत मिळते ना? मग पुन्हा भरायची गरज काय?

मिळते, पण भर पडते, पोट भरत नाही. ६० टनांची गाडी ताशी ५० किलोमीटरने धावत असेल तर तिच्या गतीत सुमारे १.६ युनिट ऊर्जा असते. त्यातली काही रुळांच्या घर्षणात जाते, काही मोटर आणि परिवर्तकात, आणि साठ्यात घालून परत काढतानाही गळती होतेच. दिवे, वातानुकूलन, दरवाजे यांनी खाल्लेली वीज तर परत येतच नाही.

तरीही साठा असण्याचा इथे खरा फायदा आहे. तारेवरच्या गाडीने ब्रेकमधून काढलेली वीज जवळपास दुसरी गाडी ओढत असेल तरच कामी येते, नाहीतर टपावरच्या रोधकांत उष्णता होऊन उडून जाते. म्हणून संपूर्ण तार असलेल्या मार्गांवरही काही शहरे गाड्यांत साठा बसवतात.

१०. चढणीच्या शहरात जमेल का?

जमते, पण चढण साठा खाऊन टाकते. १ किलोमीटरमध्ये ५० मीटर चढायचे, म्हणजे ५ टक्क्यांची चढण. ६० टनांची गाडी तेवढी उचलायला नुसत्या उंचीपोटी ८ युनिट लागतात. सपाटीवर ४ लागत होती, इथे १२ झाली.

यावर सिएटलच्या फर्स्ट हिल मार्गाने साधा उपाय काढला: चढताना तार, उतरताना बॅटरी. उतारावर गाडीला वीज लागते थोडी आणि ब्रेकमधून मिळते बरीच. त्या रस्त्यांवर ट्रॉलीबसच्याही तारा आहेत, त्यामुळे एका दिशेची तार गेल्याने वरचा गुंताही कमी झाला.

११. वाहतुकीत अडकली आणि साठा संपला तर?

उभ्या गाडीला मोटर काही मागत नाही, पण वातानुकूलन किंवा हीटर मागतो. तो आणि इतर यंत्रे मिळून ३० किलोवॉट धरले तर दहा मिनिटांच्या खोळंब्यात ५ युनिट जातात, म्हणजे एक किलोमीटर धावण्याहून जास्त! अंतरापेक्षा खोळंबा महाग, ही गोष्ट आराखडा करणारेही कधी कधी विसरतात.

उपाय टप्प्याटप्प्याने होतात. साठा ठरावीक पातळीखाली गेला की वातानुकूलन आपोआप मंदावते, मग वेग मर्यादित होतो, शेवटी राखीव बॅटरीवर गाडी रांगत पुढच्या थांब्यावर जाते. तेही जमले नाही तर मागची गाडी ढकलत नेते. जमिनीतून वीज घेणाऱ्या गाड्यांतही छोटी बॅटरी असते, एखादी पेटी बंद पडली तर तेवढा मृत तुकडा ओलांडण्यासाठी.

म्हणूनच बिनतारी पट्टा मोटारींसोबतच्या सामाईक रस्त्यावर ठेवू नये, ट्रामसाठी राखीव ठेवावा.

१२. संपूर्ण मार्ग बिनतारी असलेली शहरं आहेत का?

आहेत. दुबईची ट्राम नोव्हेंबर २०१४ पासून पूर्णपणे जमिनीतल्या पट्टीवर चालते. इस्तंबूलचा टी-५ मार्ग २०२१ पासून तसाच. काओश्युंगचा वर्तुळमार्ग पूर्णपणे साठवणुकीवर चालतो आणि ते वर्तुळ १ जानेवारी २०२४ रोजी पूर्ण झाले. बहुतेक शहरे मात्र मध्यवस्तीत बिनतारी आणि उपनगरांत तार असा मध्यम मार्ग घेतात. सिडनीनेही जॉर्ज स्ट्रीटवर जमिनीतली पट्टी घातली आणि पुढे तार ठेवली.

१३. मोबाइलसारखं वायरलेस चार्जिंग का करत नाहीत?

करून पाहिले आहे. बोम्बार्डिए कंपनीने प्रिमोव्ह नावाने रस्त्याखालच्या वेटोळ्यांतून वीज देण्याची चाचणी आउग्सबुर्गमध्ये घेतली. वीज पोचली, गाडी चालली. अडचण हिशोबाची होती. वेटोळी पुरायला रस्ता खोदावा लागतो, गाडीच्या पोटातही जड वेटोळे लागते, मधल्या अंतरामुळे थोडी वीज वाया जाते आणि आसपासचे लोखंड तापते. रूळ तिथे असतातच. जिथे गाडी ठरलेल्या रेषेवरून इंचभरही ढळत नाही, तिथे धातूचा थेट संपर्क इतका सोपा आहे की एवढा खटाटोप परवडत नाही. पुढे याच नावाच्या बॅटऱ्या नानजिंगच्या ट्राममध्ये बसल्या, पण त्या भरतात पँटोग्राफमधून.

१४. हायड्रोजनवर?

चीनमध्ये फोशानच्या गाओमिंग भागात २०१९ मध्ये अशी ट्राम सुरू झाली. पण विजेपासून हायड्रोजन बनवायचा, दाबून साठवायचा आणि गाडीत त्याची पुन्हा वीज करायची, यात निम्म्याहून अधिक ऊर्जा वाटेतच जाते. जिथे थांब्यावर वायर ओढता येते तिथे हा वळसा कशासाठी, ते मला कळलेले नाही.

१५. तार आणि खांब नाहीत म्हणजे पैसे वाचतात का?

साधारणपणे नाही. जमिनीतल्या यंत्रणेत दर २२ मीटरला एक पेटी, म्हणजे एकेरी रुळाच्या किलोमीटरला सुमारे ४५ आणि दुहेरीला ९०. प्रत्येक पेटीला निचरा, तपासणी आणि दुरुस्ती हवी. साठवणुकीत रस्त्यातला खर्च कमी होतो, पण तो गाडीवर चढतो. ट्राम तीस वर्षे किंवा जास्त चालते, बॅटरी दहाएक वर्षांत बदलावी लागते. म्हणजे एका गाडीच्या आयुष्यात तीन संच. निविदा तपासताना पहिल्या संचाची किंमत पाहून खूश होणारे पुष्कळ.

अपवाद आहे तो छोट्या पट्ट्यांचा. एखाद्या पुलासाठी किंवा चौकासाठी वरची तार बसवणे खरेच किचकट असेल, तर तेवढ्यापुरती बॅटरी स्वस्त पडू शकते.

१६. जुन्या ट्रामना बॅटरी बसवता येते का?

टपावर जागा आणि वजन पेलण्याची ताकद असेल तर येते. बर्मिंगहॅमने आधीपासून धावत असलेल्या गाड्यांच्या टपावर लिथियम-आयन बॅटऱ्या चढवल्या आणि २०१९ मध्ये त्या व्हिक्टोरिया चौकातून तारेविना जाऊ लागल्या. बुटक्या तळाची (लो-फ्लोअर) ट्राम असली की बहुतेक यंत्रे टपावरच असतात, त्यामुळे जागेची मारामारी ठरलेली. जमिनीतून वीज घेणारी यंत्रणा मात्र जुन्या गाडीत बसवणे फार अवघड.

१७. एकाच कंपनीच्या हातात सापडू, ही भीती कितपत खरी?

खरी आहे. जमिनीतल्या पट्टीची प्रत्येक यंत्रणा तिच्या निर्मात्याची खासगी. एपीएस घेतली की बहुतेक वेळा गाड्याही ती बनवणाऱ्या अल्स्टॉम कंपनीच्या, आणि वीस वर्षांनी सुटे भागही त्यांच्याकडूनच. चीनमधील झुहाईचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. तिथे २०१७ मध्ये प्रश्न ४ मधली ट्रामवेव्ह यंत्रणा घेऊन ट्राम सुरू झाली आणि २०२१ च्या जानेवारीत थांबली. जगात फारसे कुणी वापरत नसलेल्या यंत्रणेवर आख्खा मार्ग लावण्याची जोखीम काय असते, ते तिथे दिसले.

साठवणुकीत ही पकड बरीच ढिली असते, कारण रस्त्यावर असते ती फक्त एक पट्टी. काओश्युंगने पहिल्या टप्प्यासाठी स्पेनच्या काफ (CAF) कंपनीच्या गाड्या घेतल्या आणि दुसऱ्यासाठी अल्स्टॉमच्या. दोन्ही एकाच पट्टीवर भरतात. निविदा लिहिताना गाडीपेक्षा या पट्टीची मापे, दाब आणि प्रवाह आधी पक्के करावेत, म्हणजे पुढच्या खरेदीत हात बांधलेले राहत नाहीत.

१८. चालक पँटोग्राफ खाली घ्यायला विसरला तर?

तार संपल्यावर पँटोग्राफ मोकळ्या हवेत आणखी वर उसळतो आणि पुढच्या पुलाला किंवा फांदीला अडकू शकतो. म्हणून हे काम चालकाच्या आठवणीवर सोडत नाहीत. बदल शक्यतो थांब्यावर, उभ्या गाडीत ठेवतात. रुळांतले किंवा बाजूचे संकेतक गाडीला तार संपल्याची खबर देतात आणि पँटोग्राफ आपोआप उतरतो. वर घेताना तार नेमकी त्याच्या डोक्यावर यावी म्हणून तिथे तिला फनेलच्या आकाराचे मार्गदर्शक बसवतात.

१९. आगारातही तार नसते का?

बहुतेक वेळा असते. तिथे देखाव्याचा प्रश्न नाही, गाड्या रात्रभर उभ्या असतात आणि गाडीखाली माणसे काम करतात. जमिनीलगत जिवंत पट्टी तिथे कुणालाच नको असते.

२०. रुळांतून परत जाणाऱ्या प्रवाहाचं काय? तार काढली की तोही प्रश्न सुटतो?

हे पद्धतीवर अवलंबून आहे आणि इथे बरीच गल्लत होते. वीज तारेतून येवो की जमिनीतल्या पट्टीतून, ती उपकेंद्राकडे परतते रुळांमधूनच. त्यातला काही प्रवाह जमिनीत भरकटतो आणि पाण्याच्या किंवा गॅसच्या धातूच्या नळांना गंज चढवतो. म्हणजे एपीएस घेतली तरी रुळांना रबराचे वेष्टन आणि बाकीची काळजी हवीच.

बॅटरीवरच्या पट्ट्यात मात्र विजेचे सगळे वर्तुळ गाडीच्या आतच पूर्ण होते. रुळांत काही जात नाही, भरकटायला काही उरत नाही. प्रवाह भरण्याच्या थांब्यापुरताच रुळांत येतो, त्यामुळे संरक्षणही तेवढ्याच भागावर एकवटता येते. संवेदनशील उपकरणे असलेल्या प्रयोगशाळेशेजारून मार्ग जाणार असेल तर हा मुद्दा दिसण्यापेक्षा कितीतरी मोठा ठरतो: तारेतून आणि रुळांतून वाहणाऱ्या शेकडो अँपिअरच्या प्रवाहाने आसपासचे चुंबकीय क्षेत्र दर गाडीगणिक हलते, आणि बॅटरीवरच्या पट्ट्यात ते हेलकावे पुष्कळ कमी असतात. अशा मार्गावर भरण्याचा थांबा प्रयोगशाळेच्या दारात येणार नाही, एवढे मात्र पाहावे लागते.